सोचके चालणाऱ्या गाडीने वऱ्हाडात

वऱ्हाडात लोक लग्नाला जातात, शेगावला दर्शनाला जातात, चिखलदऱ्याला हवा खायला जातात. मी गाडी देऊन टाकायला गेले. मनाशी पक्कं ठरवून गेले होते, की परत यायचं ते रेल्वेने आणि पुन्हा या जन्मात स्टिअरिंगला हात लावायचा नाही. परत आल्यावर हे सगळं मी मैत्रिणींना फोनवर सांगून पाहिलं, पण प्रत्येकीने मधेच स्वतःच्या गुडघ्याची कहाणी काढली. म्हणून आता लिहूनच टाकते.

आधी गाडीबद्दल. पांढरी, डिझेलवर चालणारी, ऑटोमॅटिक. म्हणजे क्लच नाही, गिअर तिचे ती बदलते. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्यावर मी साठाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकले आणि डाव्या पायाला काहीच काम नाही हे ऐकून ही गाडी घेतली. गाडी गुणी, फक्त एक भानगड. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती लगेच पळत नाही. क्षणभर जागची हलत नाही, आणि मग मागून कुणी ढकलल्यासारखी सुटते. सर्व्हिस सेंटरमध्ये तीनदा नेली. तिन्ही वेळा एका इस्त्रीच्या शर्टातल्या मुलाने सांगितलं, "सगळं नॉर्मल आहे मॅडम." नॉर्मल आहे तर मला घाम का फुटतो, याचं उत्तर त्याच्या कॉम्प्युटरात नव्हतं.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी मी ईशाला, म्हणजे माझ्या सहा वर्षांच्या नातीला, पोहायच्या क्लासला नेत होते. गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागायचं होतं, उजवीकडून बस येत होती, पण लांब होती. मी दाबलं. काही नाही. बस जवळ आली. मी जीव खाऊन दाबलं. गाडी जी उसळली, ती रस्ता ओलांडून पलीकडच्या नर्सरीवाल्याच्या अकरा तुळशींवर जाऊन थांबली. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. ईशा तर मागून टाळ्या पिटत म्हणाली, "आजी, परत!" पण रात्री जेवताना माझा भात ताटाबाहेर सांडत होता. माझा मुलगा मंदार ओरडला नाही. ओरडला असता तर मी भांडले असते. तो हळूच म्हणाला, "आई, यापुढे ईशाला तुझ्या गाडीत नको." आणि मी मान डोलावली. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

ईशा रिक्षाने जायला लागली, गाडी खाली धूळ खात उभी राहिली. तेवढ्यात आमच्या व्याह्यांचा, नामदेवरावांचा फोन आला. ते तेल्हाऱ्याचे, कपाशीवाले. त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी क्लच दाबायला मनाई केलेली, म्हणून जीप दारात पडून. त्यांना ऑटोमॅटिक हवी होती, मला ती नको होती. मंदारने दोन मिनिटांत ठरवून टाकलं. मीही हो म्हटलं, शब्द दिला.

अकोला

मंदारने मला आणि गाडीला पुण्याहून अकोल्यात आणून सोडलं आणि ऑफिस आहे म्हणून त्याच दिवशी रेल्वेने परत गेला. माझं परतीचं तिकीट चौथ्या दिवशीचं, बडनेऱ्याहून. जठारपेठेत नामदेवरावांनी मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेलं दोन खोल्यांचं घर आहे, तिथे ते आणि त्यांच्या पत्नी शकूताई आमची वाट पाहत होते. माझी सून वर्षा याच घरात राहून कॉलेज शिकली. भिंतीवर तिने पेन्सिलीने लिहिलेली रसायनशास्त्राची सूत्रं अजून आहेत, शकूताईंनी रंग देताना तेवढा चौकोन सोडून दिलाय.

पुण्यात पाहुणा आला की आपण विचारतो, "चहा घेणार का?" इथे कुणी विचारत नाही. चहा, पोहे, त्यावर तर्री, मग पुन्हा चहा. मी नको म्हटलं तर शकूताई म्हणाल्या, "नाई कावून? पोटात जागा नसन तं थोडं बसा, होते जागा." आणि खरंच झाली.

खाऊन झाल्यावर मला वाटलं आता किल्ली द्यायची. मी पर्समधून काढून पुढे केली. नामदेवरावांनी हातच मागे घेतला.

"आसं नाई इहीनबाई. आमच्या घरची रीत हाये."

रीत अशी. नामदेवरावांच्या आजोबांपासून त्यांच्याकडे बैल घेताना तीन गोष्टी पाळतात. विकणाऱ्याने जनावराची खोड स्वतःच्या तोंडाने सांगायची. मग दोन दिवस ते जनावर त्याच मालकाच्या हातात चालवून दाखवायचं. आणि शेवटी, जनावर द्यायचं पण दावं मालकाने ठेवून घ्यायचं, घेणाऱ्याने आपलं दावं घरून आणायचं. नवं दावं गळ्यात पडलं की व्यवहार झाला. त्याआधी नाही.

"अहो, पण ही गाडी आहे," मी म्हटलं.

"ट्रॅक्टर घेतला तवाबी हेच केलं. दुकानवाल्याले बाबानं इचारलं, खोड सांग. तो म्हने खोड काहीच नाई. बाबा उठले, दुसऱ्या दुकानातून ट्रॅक्टर आनला. जो म्हनते खोड नाई, त्याच्यापासून काही घ्याचं नाई."

मग काय, मी सोफ्यावर ताठ बसले आणि खोड सांगितली. दाबल्यावर थांबते, मग उसळते. अकरा तुळशी सांगितल्या. ईशा मागे बसली होती, हेही सांगितलं. पुण्यात हे मी कुणापुढे बोलले नव्हते, स्वतःच्या भावापुढेसुद्धा नाही.  नामदेवरावांनी फक्त विचारलं, "म्हणजे आता तुमी गाडी चालवत नाई?"

"नाही. आणि चालवणारही नाही."

"मंग दोन दिस तं चालवा लागन. रीत हाये."

मला अस्सा राग आला. पण व्याह्यांच्या घरी बसून, तर्रीचे पोहे खाऊन, त्यांच्या आजोबांना नावं कशी ठेवणार?

तेल्हाऱ्याला निघण्याआधी नामदेवरावांनी गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला दाखवली. सलीमभाई नावाचा बुटका, चष्मेवाला माणूस. त्याने बॉनेट उघडलं, फिल्टर काढून फुंकला, मला शेजारी बसवून एक चक्कर मारली आणि खाली उतरून जाहीर केलं, "बाई, याच्यात खराबी काहीच नाई. ही गाडी सोचके चालते."

"म्हणजे?"

"जुन्या गाडीत तार राहे. पाय दाबला का तार ओढली. आता तुमचा पाय इंजिनाले लागतच नाई. पायाखाली नुसता एक सेन्सर. तो कॉम्प्युटरले सांगते, कॉम्प्युटर इचार करते, मंग टर्बोत हवा भरते, मंग गिअर खालचा पडते, मंग चाकाले खबर लागते. तहसीलमधली फाइल समजा. येवढ्या टेबलांवरून जाईन तं टाइम लागनारच."

तीन वेळा सर्व्हिस सेंटरला जाऊन जे कळलं नव्हतं ते पाच मिनिटांत कळलं. पण कळून माझ्या पायाला काय उपयोग? तो अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवला आणि आपोआप ब्रेककडे सरकायला लागला. अकोला ते तेल्हारा मी कुणालाही ओव्हरटेक केलं नाही. एका म्हशींच्या कळपामागून तर पाऊण किलोमीटर गेले. म्हशींनीच शेवटी कंटाळून रस्ता सोडला.

तेल्हारा

तेल्हाऱ्यात त्या दिवसांत सगळ्या गोष्टींवर कापूस असतो. रस्त्याकडेच्या बाभळींवर, विजेच्या तारांवर, अंगणातल्या खाटेवर. कापसाच्या गाड्या जाताना फांद्यांना घासतात आणि झाडं दाढीवाली होतात. मला भारी गंमत वाटली. आमच्याकडे रस्त्यावर कागद उडतो, इथे कापूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात रोडग्यांचा बेत होता. शकूताईंनी वांग्याची भाजी घरीच केली, तिखटजाळ, तेलाचा तवंग आलेली, आणि मोठा स्टीलचा डबा नामदेवरावांच्या मांडीवर दिला. ते माझ्या शेजारी पुढे, शकूताई मागे. नामदेवरावांनी इस्त्रीचा पांढरा पायजमा घातला होता. हे मी मुद्दाम सांगतेय.

शेताच्या वाटेला लागलो तर पुढे कापसाचा ट्रॅक्टर. ट्रॉली अशी फुगलेली की दोन्ही बाजूंनी निम्मा रस्ता व्यापलेला. ताशी दहाच्या वेगाने चाललेला. "टाका त्याले मागं," नामदेवराव म्हणाले. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "खोड पायची हाये मले." मी श्वास घेतला, रस्ता मोकळा पाहिला, गाडी बाहेर काढली आणि दाबलं.

गाडी विचारात पडली.

मी आणखी दाबलं. मग जे व्हायचं तेच झालं. गाडी उसळली, मी घाबरून ब्रेकवर उभी राहिले, आणि वांग्याची भाजी डब्याचं झाकण उडवून नामदेवरावांच्या पायजम्यावर पसरली. ट्रॅक्टरवाला मागे वळून पाहत निघून गेला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. नामदेवराव मात्र भाजीकडे पाहत शांतपणे म्हणाले, "खोड पायली."

आणि मागून शकूताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

शेतात पोचल्यावर नामदेवराव विहिरीवर पायजमा धुवायला गेले आणि आम्ही दोघी गोवऱ्यांच्या आरापाशी बसलो. शकूताई रोडगे उलटत होत्या. कणकेचे मोठे गोळे, वरून काळे पडले की बाहेर काढायचे, राख झटकायची, फोडायचे आणि तुपात बुडवायचे. समोर बायका कापूस वेचत होत्या, ओळीच्या ओळी. वेचताना एक हात बोंडावर असतो तेव्हा दुसरा पुढच्या बोंडाकडे निघालेला असतो. मी ते बघत बसले होते, डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून.

"इहीनबाई," शकूताई म्हणाल्या, "रागावसान नाई तं एक सांगू?"

"सांगा."

"मी मांगून तुमचा खांदा पायत होती. तुमी गाडीले दोनदा सांगता."

"म्हणजे काय?"

"पह्यल्यांदा पाय ठेवता. तिनं आयकलेलं असते. तयारी करून राहते बिचारी. तवर तुमाले वाटते का आयकलंच नाई, मंग तुमी आनखी जोरानं सांगता. मंग ते दोन्हीचं मिळून एकदाच करते. त्याच्यात तिचा काय कसूर?"

 शकूताई रोडग्यावरची राख झटकत पुढे म्हणाल्या, अगदी सहज, "आमची वर्षाबी तशीच हाये. लहानपनापासून. एकदा सांगतलं का उठते. पन उठाच्या आधी जराशी थांबते. मनात काय मांडते कोनाले ठाव! तवर दुसऱ्यांदा सांगतलं का बिनसलंच."

 "वर्षा, चहा टाकतेस? वर्षा! चहा!" हे मी गेली सात वर्षं रोज म्हणत आले आहे. आणि दुसऱ्या हाकेनंतर स्वयंपाकघरात पातेलं आपटल्याचा जो आवाज येतो, तो मी नखरे या सदरात टाकून मोकळी झाले होते. शाळेत मला सवय तशीच लागली होती. प्रश्नपत्रिका नीट वाचा. नीट वाचा. नावं लिहा. लिहिली का? छत्तीस वर्षं मी प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितली आहे. कुकरच्या शिटीलासुद्धा मी दोनदा म्हणते, हो, आले, आले.

खरं सांगायचं तर मला राग आला. आईने मुलीची बाजू घेतली, तीही रोडगे खाऊ घालता घालता! संध्याकाळपर्यंत मी तोंड फुगवून होते. पण रोडगे मी चार खाल्ले. उरलेल्या भाजीला चव होती.

संध्याकाळी अंगणात नामदेवराव खाटेवर बसून सुताचा पीळ घालत होते. लाल आणि पांढरा, बोटभर लांबीचा, टोकाला एक छोटं पितळी घुंगरू. ते त्यांच्या जुन्या बैलाच्या गळ्यातलं. "हे माह्यं दावं," ते मला दाखवत म्हणाले. "तुमची किल्ली याच्यात बांधीन." माझ्या किल्लीला ईशाने शाळेत केलेला लोकरीचा पोपट होता. एक डोळा नसलेला. तो मी काढून घेणार, आणि त्याजागी हे घुंगरू येणार. मी "छान आहे" म्हटलं आणि आत जाऊन उगाच बॅग आवरली.

अमरावतीच्या वाटेवर

तिसऱ्या दिवशी अमरावतीला जायचं होतं. शकूताईंच्या बहिणीकडे मुक्काम आणि चौथ्या दिवशी बडनेऱ्याहून माझी रेल्वे. आठ वाजता निघायचं होतं. आठ वाजता नामदेवराव म्हणाले, "चला, निघू," आणि पाटावर बसले. मग भाकरी आली. साडेआठला शकूताई म्हणाल्या, "आता निघाले पायजे," आणि शेजारीण आली, तिच्यासाठी चहा झाला. नऊला सगळे उठून उभे राहिले आणि उभ्याउभ्या पाऊण तास बोलले. पुण्यात "निघतो" म्हटलं की माणूस चपलेत असतो. मी दारात किल्ली घेऊन येरझाऱ्या घालत होते. चारदा "चला ना" म्हणायला तोंड उघडलं आणि चारदा मिटलं, कारण शकूताई माझ्या खांद्याकडे बघत होत्या. पावणेदहाला मात्र सगळे एकदम गाडीत बसले, सामानासकट, कुणाचं काही विसरलं नाही. शकूताईंनी डिकीत एक निळी पिशवी ठेवली. मी विचारलं तर म्हणाल्या, "बहिनीले तुरीच्या शेंगा."

अकोट, अंजनगाव करत रस्ता पूर्वेला जातो. डाव्या हाताला सातपुडा निळा दिसतो आणि उजवीकडे नजर पोचेल तिथवर काळी जमीन. या मातीवरचा डांबरी रस्ता सरळ राहत नाही, माती फुगते-आकसते तसा तोही वरखाली होतो. गाडी झुल्यावर बसल्यासारखी चालते. मधे पानमळ्यांचा हिरवा गारवा लागला, की खिडकी उघडावीशी वाटते.

मी ठरवलं, करून तर बघू. कोण बघतंय? बघणारे दोघे गाडीतच होते, पण ते आता घरचे झाले होते. पुढे एक रिकामी बैलगाडी चालली होती. मी थोडासा पाय ठेवला आणि मनात म्हटलं, एकदाच. पाय तिथेच धरला. गाडीने क्षणभर विचार केला. माझा पाय दुसऱ्यांदा सांगायला असा शिवशिवत होता! मी दात आवळले. आणि मग ती निघाली. उसळली नाही, धक्का नाही, नुसती भरून आली आणि निघाली.

"हाव," मागून शकूताईंचा होकार.

पुढे एका टेम्पोला मागे टाकताना मी घाबरून गाडीला दोनदा सांगितलं आणि नामदेवरावांचं डोकं छताला लागता लागता राहिलं. त्यानंतर एका जीपमागे मी इतका वेळ वाट पाहिली की जीपच वळून गावात गेली. पण हळूहळू मला एक गोष्ट उमगली. मला आधी मागायला पाहिजे. वेग हवा असेल तेव्हा नाही, हवा असणार आहे असं दिसेल तेव्हा. रस्ता मोकळा होताना दिसला, की तेव्हाच सांगून ठेवायचं, आणि मग तिला तिचं करू द्यायचं. कापूस वेचणाऱ्या बाईचा दुसरा हात जसा पुढच्या बोंडाकडे निघालेला असतो, तसं.

अमरावती पंधरा-वीस किलोमीटर राहिली असेल, तेव्हा संत्र्यांनी भरलेला ट्रक पुढे आला. मागे वास घमघमत होता. समोरचा रस्ता थोड्या चढाचा, पण लांबवर सरळ दिसत होता. समोरून काही नव्हतं. मी सांगितलं. एकदाच. थांबले. गाडीने खालचा गिअर घेतल्याचं पायाला कळलं, आणि मी बाहेर पडले, ट्रकच्या बाजूने, संत्र्यांच्या जाळीवरून, ड्रायव्हरच्या खिडकीवरून पुढे आणि परत आत. सगळं इतकं गुळगुळीत झालं की डब्यातलं ताकही हललं नसतं.

मी ओरडले. हो, एकसष्ट वर्षांची बाई, व्याह्यांच्या शेजारी बसून, "येस्स!" म्हणून ओरडले. नामदेवरावांनी हॉर्नवर हात ठेवून दोनदा वाजवला, आणि शकूताईंनी मागून माझ्या खांद्यावर थोपटलं. तेव्हा कुठे मला रडू आलं, आणि गाडी बाजूला घेऊन मी पोटभर रडले.  नामदेवरावांनी खाली उतरून गुडघा मोकळा केला आणि उगाच टायरवर पाय मारून पाहिला.

अमरावतीत राजकमल चौकाजवळ आम्ही गिला वडा खाल्ला. आपल्याकडचा दहीवडा मुकाट गोड असतो. हा पाण्यातून काढलेला नरम वडा, वर दही, आणि त्यावर अशी चटणी की पहिल्या घासाला वाटतं काहीच तिखट नाही, आणि मग कानातून वाफ निघते. मी नामदेवरावांना म्हटलं, "हा पण सोचके चालतो." ते इतके हसले की दुकानदाराने आणखी एक वडा फुकट दिला.

पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला आठवलं. उद्या गाडी द्यायची. आता, जेव्हा ती माझी झाली होती.

बडनेरा

सकाळपासून मी शब्द जुळवत होते. नामदेवराव, मला गाडी द्यायची नाही. एवढंच वाक्य. पण शब्द मीच दिलेला. त्यात त्यांचा गुडघा खरा होता, काल गाडीतून उतरताना त्यांनी दरवाजा धरून दोनदा तोंड वाकडं केलं होतं. ज्या माणसाच्या पायजम्यावर मी भाजी सांडली, त्यालाच आता बोललेलं फिरवून सांगायचं? मला जमेना.

बडनेरा स्टेशनबाहेर मी गाडी लावली. प्लॅटफॉर्मकडे जाणाऱ्यांची धांदल, इंजिनाच्या शिट्ट्या, हमाल. माझी रेल्वे यायला तासभर होता.

"चला," नामदेवराव म्हणाले. "तुमचं दावं तुमी काढून घ्या."

मी किल्लीच्या रिंगमधून ईशाचा पोपट काढायला लागले. रिंग घट्ट होती, नख तुटलं. एकदाचा पोपट सुटला, तो मी मुठीत धरला आणि किल्ली पुढे केली. सकाळपासून जुळवलेलं वाक्य तसंच राहिलं. 

नामदेवरावांनी उजवा खिसा चाचपला. मग वरचा खिसा. मग शकूताईंकडे वळले. "शकू, आपलं दावं कोठी हाये?"

"मले काय इचारता? तुमीच घेतलं असन."

"घरीच राह्यलं वाट्टे." त्यांनी मान हलवली, अगदी दुःखी चेहरा केला. "आता दावं नाई तं जनावर कसं न्यावं? व्यवहार होत नाई इहीनबाई. आजोबाची रीत हाये, मी काय करू?"

"नामदेवराव, चेष्टा करू नका. तुमचा गुडघा..."

"गुडघा माह्याच पायाले हाये, कोठी पळून जाते? अशी दुसरी पायतो मी. आता मले समजलं कशी चालवाची." मग ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "काल त्या ट्रकाले तुमी मांगं टाकलं, तवा तुमचं तोंड पायलं मी. त्या तोंडाची गाडी मी कशी नेऊ, सांगा बरं."

मी त्यांना नमस्कार करायला वाकले, तर ते दोन पावलं मागे सरले. "अजी, हे काय! इहिनीनं पाया पडू नये." मग म्हणाले, मी पॅसेंजरने अकोल्याला जातो, तिथून घरी.

"आणि मी एकटी पुण्याला?" मला आता वेगळीच भीती वाटली.

शकूताईंनी डिकी उघडली, निळी पिशवी पुढच्या सीटजवळ आणून ठेवली. तीत तुरीच्या शेंगा नव्हत्या. चार साड्या, औषधाची डबी आणि ईशासाठी घुंगरांची पैंजणं होती. "लेकीकडं जाचंच होतं मले," त्या म्हणाल्या आणि पट्टा लावून बसल्यासुद्धा.

नामदेवराव लंगडत प्लॅटफॉर्मकडे निघाले. आणि त्यांच्या डाव्या खिशातून, प्रत्येक पावलाला, छुन्न छुन्न आवाज येत होता. मी शकूताईंकडे पाहिलं. त्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून केळीवाल्याकडे बघत होत्या.

आणि घर

प्रवासाचं फारसं सांगत नाही. वाटेत एक मुक्काम केला, दोघींनी मिळून सहा ठिकाणी चहा प्यायला, आणि एकदा मंदारचा फोन आला तेव्हा शकूताईंनीच तो उचलला. "जावाईबापू, तुमच्या आईले त्रास देऊ नका. त्या गाडी चालवून राहिल्या." 

दुसऱ्या दिवशी साडेचारच्या सुमारास सोसायटीच्या गेटातून आत शिरलो. मंदार खाली उभा होता, शेजारी वर्षा आणि ईशा. वर्षाने आईला मिठी मारली. मी म्हटलं, "वर्षा, चहा टाकतेस?" आणि तोंड मिटलं. ती क्षणभर थांबली, माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाली, "टाकते आई, आल्याचा टाकते." दोघी मायलेकी वर गेल्या. आमच्या स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीतून पातेलं आपटल्याचा आवाज आला नाही.

तेवढ्यात ईशाने मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसली. तिच्या पोहायच्या क्लासची वेळ झाली होती. मी मंदारकडे पाहिलं. पाच दिवसांत मला सांगायचं खूप साठलं होतं, सेन्सर, टर्बो, संत्र्याचा ट्रक, सगळं. ते मी गिळलं.

"ईशाला मी नेऊ का?" मी विचारलं.

तो गाडीकडे बघत होता, मग मागच्या सीटवरच्या ईशाकडे. किल्लीला परत अडकवलेला लोकरीचा पोपट माझ्या मुठीत ओला झाला होता. दुसऱ्यांदा विचारायला जीभ अगदी टोकावर आली होती. मी विचारलं नाही. थांबले.

मग मंदार वर गेला, आणि तिची पोहायची पिशवी घेऊन खाली आला.